आपल्या रानाचा कागद कोण लिहिणार?



गेल्या पालकसभेत नववीच्या निसर्ग अभ्यास सहलीचा विषय निघाला आणि पाच मिनिटांत संपलाही. “सर, दोन दिवस रानात फिरून मार्क किती वाढणार?” असे एका पालकांनी विचारले. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र त्या हसण्याची मला लाज वाटली. विज्ञानाचा शिक्षक म्हणून उत्तर देणे माझे काम होते. सभेत ते सुचले नाही, म्हणून संपादकांकडून वार्तापत्राची ही पाने मागून घेतली आहेत. विश्वस्त मंडळींनीही मजकूर वाचावा अशी विनंती आहे, कारण तीन वर्षे बंद असलेली ही सहल पुन्हा सुरू करायची की वेळापत्रकातून कायमची पुसायची, याचा निर्णय त्यांच्या पुढच्या बैठकीत व्हायचा आहे.

निसर्ग वाचवणे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर वृक्षदिंडी येते, घोषणा येतात, जून महिन्यातले रोपटे आणि त्याच्या शेजारी उभे राहून काढलेला फोटो येतो. (आपल्या मैदानाच्या कडेच्या एकाच खड्ड्यात गेल्या दहा वर्षांत किती वेळा रोप लावले, ते मी सांगत नाही. शिपाईमामांना विचारावे.) विद्यापीठ, प्रबंध, संशोधक यांना या चित्रात जागा नसते. ती मंडळी कुठेतरी प्रयोगशाळेत बसलेली असतात, असा आपला समज. प्रत्यक्षात रान राहणार की जाणार, याचा निकाल पुष्कळदा एखाद्या कागदावर लागतो आणि तो कागद कोणीतरी अभ्यासकाने लिहिलेला असतो.

आपल्या जवळच्याच दांडेलीची गोष्ट घ्या. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस तिथे कागदाचा कारखाना उभा राहिला आणि सरकारने त्याला जंगलातला बांबू टनाला दीड रुपया दराने द्यायचे ठरवले. सूप, टोपली, रवळी, कणगी विणणाऱ्या बुरुडाला मात्र तोच बांबू बाजारात कितीतरी पट महाग पडे. पुढे रानातला बांबू हटू लागला तेव्हा बुरुडांनी गाऱ्हाणे मांडले. कारखाना म्हणे, बांबू भरपूर आहे. वनखाते म्हणे, गावकरी आणि त्यांची गुरे नासधूस करतात. अखेर १९७५ मध्ये राज्य सरकारने याचा अभ्यास बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील माधव गाडगीळ यांच्याकडे सोपवला. गाडगीळ मूळचे पुण्याचे. हार्वर्ड विद्यापीठातून डॉक्टरेट घेऊन १९७१ मध्ये ते परत आले होते.

त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काय केले? रानात जाऊन बांबूची बेटे मोजली. कोंब किती फुटले, किती जगले, किती खाल्ले गेले, हे मोजले. कागदोपत्री दाखवलेला साठा प्रत्यक्षापेक्षा फुगवलेला निघाला. पण मला त्यातली काट्यांची गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. कळकाच्या बेटाच्या बुडाशी काटेरी फांद्यांचे दाट जाळे असते, हे खानापूरकडच्या मुलांना सांगायला नको. ते जाळे साफ केले की बेट मोकळे होते, बांबू चांगला वाढतो, अशी तेव्हाची ‘शास्त्रीय’ पद्धत होती आणि त्याप्रमाणे ते काढून टाकत. गावातले लोक मात्र सांगत होते की साहेब, काटे काढले की कोवळा कोंब गुरांच्या आणि वानरांच्या तोंडी जातो. मोजणीअंती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. काटे हेच कोंबाचे कुंपण होते.

आता इथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. अडाणी समजल्या गेलेल्या माणसाचे म्हणणे बरोबर होते, ही पहिली. पण ते बरोबर आहे हे मोजून, लिहून, सरकारच्या टेबलावर ठेवणारा कोणी येईपर्यंत त्या म्हणण्याला किंमत नव्हती, ही दुसरी. पहिली गोष्ट आपल्याला आवडते, दुसरी जरा बोचते.

तशीच बोचणारी कथा कोकणातल्या गाणी गावची आहे. हे गाव श्रीवर्धनकडे आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गाडगीळ पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते आणि तिथले वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्याबरोबर गावोगावच्या देवराया पाहत होते. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान. तिथे कोयता चालत नाही, वाळकी काटकीसुद्धा देवाची. आपल्या भागात अशा राया आहेत, गोव्यातही आहेत. गाणीची राई तोडण्यासाठी नोंदली गेली होती. गावकऱ्यांनी या दोन अभ्यासकांकडे धाव घेतली. त्यांनी जाऊन पाहिले तर राईतल्या झऱ्यावर गावाची शेती अवलंबून, आणि आत गारंबीचा प्रचंड वेल. साप चावलेल्या गुरांवर औषध म्हणून त्याचे बी लागे. अभ्यासकांनी वनखात्याला लिहिले आणि तोड थांबली.

गावाने पिढ्यान्‌पिढ्या राखलेले रान वाचायला शेवटी दोन शास्त्रज्ञांचे पत्र लागले! हे योग्य झाले की नाही, यावर मुलांनी जरूर वाद घालावा. मी एवढेच म्हणेन की पत्र लिहिणारे कोणी होते म्हणून राई राहिली.

इथे मला माझी स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. मी कोणाला सांगत नाही, पण पालकांना उत्तर द्यायचे तर ती लपवून चालणार नाही. एम.एस्सी.ला असताना प्रबंधिकेसाठी मी खानापूर तालुक्यातल्या एका लहानशा देवराईतल्या वनस्पतींची यादी केली. चार महिने दर रविवारी जात होतो. देवस्थानचे गुरव माझ्याबरोबर फिरत. प्रत्येक झाडाचे नाव, कोणत्या महिन्यात फुलते, कशाला उपयोगी पडते, हे त्यांनी सांगितले आणि मी लिहून घेतले. खरे तर निम्मी प्रबंधिका त्यांची होती. निरोप घेताना म्हणाले, “मास्तर, याची एक नक्कल आम्हाला पण द्या.” मी तेव्हा मास्तर झालो नव्हतो, तरी ते मास्तरच म्हणत. मी ‘देतो’ म्हणालो. प्रबंधिका इंग्रजीत होती. मला चांगले गुण मिळाले. तिची एक प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेली, एक माझ्या कपाटात राहिली. नक्कल मी दिली नाही. आज देऊ, उद्या देऊ, मराठीत करून देऊ, असे करता करता वर्षे गेली.

मग रस्ता रुंद व्हायचे काम आले आणि राईची एक बाजू गेली. रस्ता हवाच होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तो दहा पावले पलीकडून नेता आला असता. गावचे लोक तालुक्याला गेले तेव्हा त्यांना विचारण्यात आले की या झाडीत एवढे विशेष काय आहे, काही कागद आहे का? कागद नव्हता. तो माझ्या कपाटात होता. हे मला दोन वर्षांनंतर एका लग्नात कळले. तोवर गुरव वारले होते.

विद्यापीठांनी निसर्ग राखायला काय करावे, असे कोणी मला विचारले तर मोठे उत्तर माझ्यापाशी नाही. ज्यांच्या रानात जाऊन पदव्या मिळवल्या, त्यांना त्यांच्या भाषेत नक्कल द्यावी. इथून सुरुवात केली तरी पुष्कळ होईल.

मात्र अभ्यासक नेहमी बरोबरच असतात असेही मुलांनी समजू नये. राजस्थानात भरतपूरला केवलादेव नावाचे प्रसिद्ध पक्षी उद्यान आहे. तिथल्या पाणथळीत आसपासच्या गावांच्या म्हशी चरत. म्हशींमुळे पक्ष्यांना बाधा येते, असे सलीम अलींसारख्या थोर पक्षितज्ज्ञाचेही मत होते. १९८२ मध्ये चराईवर बंदी आली. लोक चिडले, गोळीबार झाला आणि गावकऱ्यांचे जीव गेले. त्यानंतर काय झाले? म्हशी थांबल्यावर पाण्यातले गवत बेसुमार माजले, उथळ पाणी झाकले गेले आणि पाणपक्ष्यांचीच पंचाईत झाली. हा निष्कर्ष कोणी काढला? ज्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी सलीम अलींचे आयुष्य जोडलेले, तिच्याच संशोधकांनी! ऐंशीच्या दशकात वर्षानुवर्षे नोंदी ठेवून त्यांनी लिहिले की चराई त्या पाणथळीला उपयोगी होती. आपल्याच थोर माणसाचे मत चुकले, असे छापायला धैर्य लागते. पण ज्यांचे जीव गेले, ते या धैर्याने परत आले नाहीत. मोजणी आधी व्हायला हवी होती.

त्याच भरतपुरात नोंदवहीचे दुसरे एक काम झाले. विभू प्रकाश हे संशोधक तिथली गिधाडांची घरटी मोजत होते. १९८७-८८ मध्ये पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची ३५३ घरटी होती. १९९६ मध्ये ती निम्म्याहून कमी झाली आणि पुढे जवळजवळ दिसेनाशीच झाली. ‘गिधाडे कमी झाली वाटते’ असे तर सगळेच म्हणत होते, पण आधीचा आकडा ज्याच्यापाशी होता त्याचे म्हणणे जगाने ऐकले. कारण शोधून काढले ते अमेरिकेतल्या वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाचे पशुवैद्य लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. गुरांना वेदनाशामक म्हणून टोचले जाणारे डायक्लोफेनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केले. भारताने २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केले. तोवर पांढऱ्या पाठीची जवळजवळ सगळी गिधाडे संपली होती. तरीही कारण सापडले नसते तर उरलेली मूठभरही राहिली नसती.

आता आपल्या दारातले. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा किती जणांना माहीत आहेत? मला स्वतःला त्या वयाच्या चाळिशीत पुस्तकातून कळल्या. जन्म बेळगावचा असून! १९१२ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सस्तन प्राण्यांच्या पाहणीत एस. एच. प्रेटर यांना तिथे एक मोठ्या कानांचे वटवाघूळ मिळाले. (हेच प्रेटर पुढे भारताच्या घटना समितीचे सदस्य झाले.) १९१३ मध्ये त्याला राऊटन नावाच्या अभ्यासकाचे नाव देण्यात आले. त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे जगाच्या पाठीवर हा प्राणी फक्त आपल्या खानापूर तालुक्यातून माहीत होता. मग तो कंबोडियात आणि मेघालयात मिळाला. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत जागा मिळालेल्या अगदी मोजक्या वटवाघळांपैकी हे एक. डिसेंबर २०११ मध्ये सुमारे १९० चौरस किलोमीटरचे भीमगड अभयारण्य जाहीर झाले, तेव्हा या गुहा त्यात आल्या.

अभयारण्य झाले, उत्तम झाले. पण त्या रानात गावेही आहेत, मराठी बोलणारी, पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहिलेली. त्यांनी राहायचे की उठायचे, गुरे कुठवर न्यायची, रस्ता कुठून जायचा, हे सारे प्रश्न अहवालांवर ठरतात. अहवाल लिहिणारा चांगला असेल, प्रामाणिक असेल. पण म्हातारी काय सांगते ते त्याला समजले पाहिजे ना? दुभाष्यामार्फत काट्यांची गोष्ट कळत नाही.

पश्चिम घाटाच्या मोठ्या अहवालाचे हेच झाले. गाडगीळांच्या अध्यक्षतेखालील समितीने तो ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिला. त्यात म्हटले होते की वरून हुकूम सोडू नका, ग्रामसभांशी बोलून ठरवा. अहवाल सरकारने दाबून ठेवला. माहितीच्या अधिकाराखाली भांडण होऊन तो २०१२ मध्ये बाहेर आला. होता इंग्रजीत, पाचशेच्या वर पानांचा. ज्यांच्या ग्रामसभांनी तो वाचायचा त्यांच्यापर्यंत त्याबद्दलच्या अफवा आधी पोचल्या. ‘घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही’ असे कोणी कोणी सांगितले आणि लोक विरोधात गेले. मग कस्तुरीरंगन समिती आली, क्षेत्र कमी झाले. त्यावरची मसुदा अधिसूचना २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघत राहिली. सहाव्यांदा निघाली ती ३१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे वायनाडमध्ये डोंगर कोसळून शेकडो माणसे गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी. गाडगीळ स्वतः मराठीत पुष्कळ लिहीत, हे खरे. पण एकट्या माणसाच्या लेखांनी एवढ्या मोठ्या अहवालाचे काम कसे व्हावे?

म्हणून मला सारखे वाटते की हे काम आपल्या मुलांचे आहे. सीमाभागात वाढल्याने आपल्या वाट्याला काय काय आले, हे आपण नेहमी बोलतो. एक गोष्ट मात्र फुकट मिळाली आहे, तिचा हिशेब आपण करत नाही. आपली मुले घरी मराठी बोलतात, बाजारात आणि कचेरीत कन्नड बोलतात, पुस्तकात इंग्रजी वाचतात. रानातल्या म्हातारीला मराठीत विचारावे, वनखात्याला कन्नडमध्ये अर्ज द्यावा, संशोधनाचा निबंध इंग्रजीत लिहावा. या तिन्ही गोष्टी करू शकणारा संशोधक बंगळूरला किंवा पुण्याला शोधून सापडणार नाही. आपल्याकडे तो प्रत्येक बाकावर बसलेला आहे. (कन्नडच्या तासाला टंगळमंगळ करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे.)

आणि तरी माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत प्राणिशास्त्र किंवा वनस्पतिशास्त्र घेऊन संशोधनापर्यंत पोचलेली विद्यार्थिनी एकच. बाकी हुशार मुले इंजिनिअर झाली. ती सुखात आहेत, मला त्यांचा अभिमान आहे. पालकांची भीती मी जाणतो. या वाटेवर सुरुवातीची वर्षे प्रकल्पावरच्या तात्पुरत्या नोकरीची असतात, पगार बेताचा असतो, हे मी लपवत नाही. पण दारे आहेत. शिरसीला धारवाडच्या कृषी विद्यापीठाचे वनशास्त्र महाविद्यालय आहे, गोवा विद्यापीठ जवळ आहे, डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्था आहे, आणि बंगळूरला गाडगीळांनी उभे केलेले परिसरशास्त्र केंद्र आहे. मुलाला ओढ असेल तर त्याला निदान ‘त्यात काय ठेवलंय’ असे म्हणू नये, इतकेच माझे मागणे आहे.

ओढ लागायची तर आधी पाहायला हवे, आणि त्यासाठीच सहल. गुहांकडे आम्ही जाणार नाही. वटवाघळांना माणसांचा त्रास होतो आणि अभयारण्यात परवानगीशिवाय जाताही येत नाही. विश्वस्तांनी मान्यता दिली तर जायचे ठरवले आहे ते त्याच देवराईला. गुरवांचे चिरंजीव आता पूजा करतात. मी जाऊन त्यांना भेटलो, उशिरा का होईना माझी जुनी यादी त्यांच्या हाती दिली आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. ते म्हणाले, “यातली किती झाडे आता राहिलीत, ते बघायला पाहिजे.” तेच मुले बघणार आहेत. चार-चारच्या गटाने राईचा एकेक भाग वाटून घ्यायचा, उभी झाडे मोजायची, बुंध्याचा घेर सुतळीने मापायचा, गावातल्या वडीलधाऱ्यांना नावे विचारून लिहायची. शहरातल्या महाविद्यालयाच्या वनस्पतिशास्त्र विभागातले दोन प्राध्यापक शास्त्रीय नावे लावून द्यायला तयार झाले आहेत. यादी मराठीत होईल, कन्नडमध्ये होईल. एक प्रत देवस्थानला, एक ग्रामपंचायतीला, एक शाळेच्या ग्रंथालयात.

दुसऱ्या सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात, शुक्रवारी सकाळी निघून शनिवारी संध्याकाळी परत. जेवणाची सोय गावात होणार आहे, एस.टी.चे भाडे तेवढे द्यावे लागेल. संमतीपत्र वर्गशिक्षकांकडे मिळेल. सोबत पूर्ण बाह्यांचा शर्ट, पाण्याची बाटली, पाच मीटर सुतळी आणि शंभर पानी रेघांची वही. पेन्सिल आणावी, पेन नको. दव पडते, शाई पसरते.